लॉर्डसाहेबांचे आभार

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळात घंटा आली ती एका पाहुण्या वक्त्यामुळे. ‘आनंदी जगण्याची सूत्रं’ सांगायला आलेले ते गृहस्थ दीड तास बोलले आणि त्यांचं संपेपर्यंत सभागृहात आनंद औषधालाही उरला नव्हता. पुढच्याच मीटिंगमध्ये ठरलं की यापुढे वक्त्याला वीस मिनिटं, आणि वेळ संपली की घंटा. घंटा आणायची आणि वाजवायची जबाबदारी सेक्रेटरी म्हणून रुचाच्या गळ्यात पडली. तिने घरच्या देवघरातली, सासूबाईंची पितळी घंटा उचलून आणली.

त्या मीटिंगमध्ये शैलजाकाकूंनी मात्र एक अट घातली. काकू पुण्याच्या, सत्तरीला टेकलेल्या, मंडळाच्या जेवणखात्याच्या तहहयात प्रमुख. “आभारप्रदर्शनाला घंटा नाही लावायची,” त्या म्हणाल्या. “एखादं नाव राहिलं तर लोक वर्षभर अबोला धरतात. गेल्या दिवाळीत माझंच राहिलं होतं.” काकूंनी त्यानंतर कुणाकुणाशी अबोला धरला होता ते सगळ्यांच्या चांगलं लक्षात होतं. अट बिनविरोध मंजूर झाली. आभार मानणाऱ्याने हवं तेवढं बोलावं, त्याला कुणी अडवायचं नाही.

पाडव्याच्या कार्यक्रमाला यंदा व्याख्याते म्हणून रुचाच्या सासऱ्यांचं नाव पुढे आलं. ते तिनेच पुढे केलं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. प्राध्यापक मोरेश्वर वझलवार हे नागपूरच्या कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर अनीशने, म्हणजे रुचाच्या नवऱ्याने, त्यांना इकडे आणलं त्याला आता बरीच वर्षं झाली होती. नाव ऐकून मंडळाचा प्रेसिडेंट सिद्धेश खूश झाला. विषय ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला.

“लॉर्ड ऑब्री केल्सवर्थ? हू इज दॅट, यार?” तो फोनवर म्हणाला. “रुचा, काकांना सांग ना, टॉपिक थोडा रिलेटेबल घ्या. शिवाजी महाराज घ्या, टिळक घ्या. ब्रिटिश लॉर्ड म्हणजे पब्लिक विचारणार, आपण कशाला त्यांचं कौतुक करायचं?”

रुचाने हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. बाबा सिंकपाशी उभे राहून ताटं पुसत होते. डिशवॉशरवर त्यांचा विश्वास नव्हता. “महाराजांवर बोलणारे हजार आहेत अन् ते माझ्याहून चांगले बोलतात,” ते म्हणाले. “ह्याच्यावर बोलणारा जगात मी एकटा. मी गप्प झालो की तोही संपला.”

घरात लॉर्डसाहेब घरच्या माणसासारखेच वावरत. अनीश ऑफिसातून आला की विचारायचा, “बाबा, आज काय म्हणतात लॉर्डसाहेब?” चौदा वर्षांची अनिका, जिला आजोबांचं मराठी सगळं कळायचं पण जी उत्तर इंग्लिशमध्येच द्यायची, ती म्हणायची, “आजोबा, युअर लॉर्ड वॉज सो ड्रॅमॅटिक.” आणि रुचा? ती लग्न होऊन आली तेव्हा तिला इतिहासात काडीचा रस नव्हता. ती औषधांच्या कंपनीत आकडेमोड करणारी बाई. पण रोज रात्रीच्या जेवणानंतर ती भांडी विसळायची, बाबा पुसायचे, आणि पुसता पुसता लॉर्डसाहेबांना निवडणुकीला उभं करायचे, मंत्री करायचे, खाली पाडायचे. ऐकून ऐकून तिला त्या माणसाचा लळा लागला. तिचे स्वतःचे वडील ती कॉलेजात असतानाच गेले होते. बाबांच्या त्या गोष्टीत तिला काय मिळत होतं हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, पण सिंकपाशी उभं राहायचा तिला एकही दिवस कंटाळा आला नाही.

बाबांची डॉक्टरेट राहून गेली ती याच लॉर्डपायी. तरुणपणी त्यांनी नागपूरच्या लायब्ररीत पार्लमेंटच्या कामकाजाचे जाडजूड खंड उपसले होते. इतर विद्यार्थ्यांनी मोठमोठे पंतप्रधान वाटून घेतले, यांच्या वाट्याला हा उरलासुरला लॉर्ड आला. त्याचं एक भाषण वाचून बाबा वेडे झाले. मार्गदर्शकांनी मात्र प्रबंध परत केला. “वझलवार, या भाषणाने कायदा बदलला का? नाही. सरकार पडलं का? नाही. मग फलित काय?” पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आणि अभ्यासक्रमात लॉर्डसाहेबांना जागा नव्हती. त्यामुळे इतक्या वर्षांत ही गोष्ट ऐकली ती आधी सासूबाईंनी आणि मग रुचाने. व्यासपीठावरून ती कधी कुणी ऐकली नव्हती.

आणि आता वेळ उरला नव्हता. दिवाळीपासून बाबांचा आवाज बसत चालला होता. थंडी असेल, हीटरची कोरडी हवा असेल, असं म्हणत म्हणत हिवाळा गेला. मग स्वरयंत्रावर गाठ निघाली. पाडव्याचा कार्यक्रम रविवारी, आणि लगेच पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. सर्जन बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. गाठ काढता येईल, जीवाला धोका नाही, पण नंतर आवाज राहील की नाही ते आज सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. अनीशने शंभर प्रश्न विचारले. बाबांनी एकच विचारला, “डॉक्टर, धिस संडे आय हॅव अ लेक्चर. मे आय?”

त्या म्हणाल्या, तोपर्यंत कमीत कमी बोला. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की आठवडाभर घरात त्यांचा शब्द ऐकू आला नाही. चहा हवा असला की ते टेबलावर टकटक करायचे. ताटं पुसतानाही ते गप्प असायचे आणि त्या शांततेत रुचाला रडू यायचं. ती नळ मोठा सोडायची.

शनिवारी संध्याकाळी मात्र त्यांनी तिला समोर बसवलं आणि खालच्या आवाजात दोन गोष्टी बजावल्या. “घशाचं कुणाला सांगायचं नाही. मला दयेच्या टाळ्या नकोत. ऑब्रीच्या मांडीत लढाईतली गोळी होती, पण त्याने भर सभेत एकदाही तिचा उल्लेख केला नाही. तुझ्या तोंडून माझ्या घशाचं निघालं तर मी व्यासपीठावरून उतरून जाईन.”

“आणि दुसरं?”

“वेळ झाली की घंटा वाजवायची. सुनेने सासऱ्याला दोन मिनिटं जास्त दिली, असं कुणी म्हणता कामा नये.”

“बाबा, तुमचं वीस मिनिटांत संपेल?”

“मी मनातल्या मनात म्हणून पाहिलंय. संपतं,” ते म्हणाले.

मंडळाने कार्यक्रमासाठी एका शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं होतं. मागच्या बाजूला लांब टेबलं मांडून तिथेच जेवण, पुढे खुर्च्या आणि व्यासपीठ. कार्यक्रमपत्रिकेत व्याख्यान सकाळी पहिलंच होतं. पण मराठी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर जो विसंबतो त्याने आपलं घड्याळ घरीच ठेवून यावं. आधी माइक बोलेना. माइक बोलायला लागला तर मुलांच्या लेझीम नाचाचं गाणं ज्याच्या फोनमध्ये होतं तो बाप मुलाची फेटेवाली टोपी आणायला घरी गेलेला. नाच एकदा झाला, आणि अर्ध्या पालकांचं व्हिडिओ शूटिंग नीट आलं नाही म्हणून तो पुन्हा एकदा झाला. साडेबारा वाजून गेले तेव्हा सिद्धेश घाम पुसत रुचाजवळ आला.

“रुचा, काकांना पंधरा मिनिटांत आटपायला सांग ना, प्लीज. दोननंतर म्युझिकवाल्यांचा साउंड चेक आहे.”

“सिद्धेश, वीस ठरली होती.”

“आय नो, यार. पण हे बघ, जेवणाच्या आधी आहे म्हणजे बेस्टच. भुकेली पब्लिक उठून जाणार कुठे?”

हिशेब तसा बरोबर होता. फक्त त्यात शैलजाकाकू धरल्या नव्हत्या. एडिसनहून केटरर नेमका त्याच वेळी येऊन पोचला, आणि फॉइलच्या झाकणाखालून मसालेभाताचा वास सभागृहभर पसरला. काकूंनी पुरीचा ट्रे उघडून पाहिला. पुऱ्या टम्म फुगलेल्या होत्या.

“ह्या आत्ता खाल्ल्या तर पुऱ्या,” काकूंनी रुचाला येऊन सांगितलं. “अर्ध्या तासाने ह्यांचं चामडं होईल. मी कुणाला थांबवणार नाही हं, सांगून ठेवते.”

रुचाने बाबांकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत कडक इस्त्रीचा सदरा घालून, गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसले होते. पंधरा मिनिटांचं तिने कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पाच मिनिटं म्हणजे लॉर्डसाहेबांच्या आयुष्यातली किती वर्षं, हा हिशेब ते मनात करत असावेत. मग ते उठले. व्यासपीठावर कुणीतरी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी हातानेच नको म्हटली.

“मंडळी,” ते म्हणाले, “आज मी तुम्हाला एका अयशस्वी माणसाची गोष्ट सांगणार आहे.”

आवाज घोगरा होता, पण स्वच्छ ऐकू येत होता. आठवडाभराच्या मौनाची ती कमाई होती. मागे कुणीतरी म्हणालं, “अयशस्वी? पाडव्याला?” आणि दोघं-तिघं हसले. बाबाही हसले.

“ऑब्री हा ड्यूकचा धाकटा मुलगा,” त्यांनी सुरुवात केली. “म्हणजे जहागीर थोरल्याला अन् धाकट्याला नुसतं नाव. नावापुढे लॉर्ड लागलं, पण सरदारांच्या सभागृहात जागा नाही. तेव्हा सामान्य लोकांसारखं निवडणुकीला उभं राहणं आलं. पहिल्या महायुद्धातून लंगडत परत आला अन् बापाच्याच कोळशाच्या खाणी होत्या त्या मतदारसंघात उभा राहिला. खाणकामगार त्याला म्हणाले, तुझ्या बापाने आमचा घाम काढला, आता तू आमची मतं काढायला आलास का? तो म्हणाला, हो. अन् लोक हसले. हसले म्हणून मतं दिली.”

पुढच्या रांगांत लोक सावरून बसले. रुचाला आतून आनंदाची उकळी फुटली. ती भांडी विसळताना जे ऐकत आली होती तेच हे, पण आज समोर दोनशे माणसं होती. बाबा भराभर पुढे जात होते. तिशीतच ऑब्री उपमंत्री झाला. पक्षातले लोक म्हणत, हा एक दिवस पंतप्रधान होणार. एकदा तो पडला, पुन्हा निवडून आला. मग मंदी आली, लाखो लोक बेकार झाले, आणि बेकारी भत्त्यावर सरकारने चाळणी लावली. घरोघर तपासनीस जायला लागले. मुलगी शिवणकाम करून काय मिळवते, म्हाताऱ्याला पेन्शन किती, घरात विकण्याजोगं काय आहे, सगळं पाहायचं आणि तेवढा बापाचा भत्ता कापायचा.

“हे नियम पार्लमेंटमध्ये समजावून सांगायचं काम ऑब्रीकडे होतं,” बाबा म्हणाले. “वर्षभर त्याने ते चोख केलं. आकडे तोंडपाठ. मग नाताळात तो आपल्या मतदारसंघात गेला. एका खाणकामगाराच्या घरी. घरात एकच खुर्ची होती. बाकीच्या विकायला लागल्या होत्या. बाईने त्याला त्या खुर्चीवर बसवलं अन् घरातली सगळी माणसं त्याच्यासमोर उभी राहिली. तिने तक्रार केली नाही. ती एवढंच म्हणाली, साहेब, कुणी आलंगेलं तर असावी म्हणून ही एक ठेवलीय.”

सभागृह शांत झालं, पण पुढचं. मागे टेबलांवरची झाकणं निघाली होती. शेवटच्या दोन रांगा हळूच उठल्या, मग त्यांच्या पुढची. लहान मुलांना भूक लागली होती, म्हणून आया उठल्या. आया उठल्या म्हणून बाप उठले. कुणी वाईट नव्हतं. सगळे पाय न वाजवता, वाकून, अगदी सभ्यपणे जात होते. रुचाला त्या सभ्यपणाचाच संताप आला. बाबांना व्यासपीठावरून रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या दिसत होत्या. त्यांनी माइक आणखी जवळ ओढला.

“ऑब्रीने राजीनामा दिला. बापाने त्याचं तोंड पाहणं सोडलं. पक्षाने त्याला बोलायला अडवलं नाही, फक्त एक गंमत केली. नियम पुढे चालू ठेवण्यावरच्या चर्चेत त्याचं नाव किती वाजता पुकारलं जाईल ते त्यांनी जमवून आणलं. ऑब्री उभा राहिला तेव्हा संध्याकाळचे आठ वाजत आले होते, अन् सभागृहातले सगळे सभासद उठून जेवायला...”

सिद्धेशने मनगटावर बोट आपटलं. पंधरा मिनिटं झाली होती. बाबांनी बजावलेलं तिच्या लक्षात होतं, आणि हात घंटेवर. तिने वाजवली.

सासूबाईंच्या घंटेचा आवाज लहान पण टोकदार होता. नागपूरच्या घरी नैवेद्य झाला की त्या ती वाजवायच्या, आणि आतल्या खोलीत लिहीत बसलेले बाबा वाक्य अर्धं टाकून पानावर येऊन बसायचे. पन्नास वर्षं त्या आवाजाला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. आजही म्हटलं नाही. ते थांबले. तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. त्यांनी दोन्ही हात जोडले, “धन्यवाद” म्हणाले, आणि खाली जाऊन आपल्या खुर्चीवर बसले.

झालं. टाळ्या पडल्या, वक्ता वेळेत थांबला की पडतात तशा, जरा जास्तच मोकळ्या मनाने. उरलेले लोक उठायला लागले. रुचा घंटा हातात धरून तशीच उभी होती. आपण हे काय केलं, असं तिला झालं. त्यांनी सांगितलं म्हणून काय झालं? साऱ्या जन्मात एकदा बोलायला मिळालेला माणूस, आणि आपण त्याला जेवायला या म्हणून घंटा वाजवली. बाबा मफलर नीट करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

“रुचा, चल, आभार उरकून टाक,” सिद्धेश म्हणाला. “दोन मिनिटांत. देन लंच.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग व्यासपीठावर जाऊन तिने माइक हातात घेतला. भाषण करायची तिला सवय नव्हती.

“आभारप्रदर्शन,” ती म्हणाली. “पहिले आभार आजच्या व्याख्यात्यांचे. दुसरे शैलजाकाकूंचे, पुऱ्या गरम आल्या त्याबद्दल. आणि तिसरे आभार लॉर्ड ऑब्री केल्सवर्थ यांचे. ते आज इथे येऊ शकले नाहीत. त्यांचे आभार का मानायचे, ते मला सांगावं लागेल. नाहीतर आभार अपुरे राहतील.”

लोक हसले. जाणारे दोघं-चौघं थबकले.

“तर संध्याकाळचे आठ वाजत आले होते,” रुचा म्हणाली. “सगळे सभासद जेवायला गेले. जसे आत्ता आपण चाललोय. सहाशे माणसांच्या सभागृहात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे उरले. त्यातला एक झोपलेला होता. लॉर्ड ऑब्रींना कुणीतरी चिठ्ठी पाठवली, आज राहू द्या, पुढच्या आठवड्यात बोला. पण पुढच्या आठवड्यात नियमांवर मतदान होऊन गेलेलं असणार होतं. म्हणून ते बोलले.”

“रुचा,” सिद्धेश पायऱ्यांपाशी येऊन कुजबुजला, “काय चाललंय, यार? टाइम...”

“आभार चाललेत,” मागून खणखणीत आवाज आला. शैलजाकाकू हातात डाव घेऊन उभ्या होत्या. “आभारांच्या मध्ये बोलायचं नाही. ठरलंय तसं.” आणि त्यांनी पुरीच्या ट्रेवर झाकण ठेवलं. रांगेत पुढे असलेल्यांची ताटं वाढून झाली होती, मागच्यांची रिकामीच राहिली. काय चाललंय ते पाहायला सगळेच पुढे सरकले.

रुचाने भाषण म्हणून केलंच नाही. सिंकपाशी ऐकलं होतं तसं तिने सांगितलं. त्या माणसाने एकही आकडा सांगितला नाही. त्याने त्या घरातल्या गेलेल्या वस्तू एकेक करून सांगितल्या. घड्याळ. बाळाचा पाळणा. शिवणयंत्र. आणि म्हणाला, हे नियम मीच तुम्हाला वर्षभर समजावून सांगितले, आणि आज सांगतो की मला ते समजले नव्हते. त्याचा उपयोग काही झाला नाही. नियम चालूच राहिले. पुढच्या निवडणुकीत पक्षाने त्याला तिकीट दिलं नाही, अपक्ष उभा राहिला तर तो पडला. त्यानंतर तो कधी मंत्री झाला नाही, कधी सभागृहात आला नाही, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत लोक त्याचं नावही विसरले.

“माझे सासरे सोडून,” रुचा म्हणाली. घशाचं बोलायचं नव्हतं. खाली आलेला माइक तिने पुन्हा वर धरला. “त्या भाषणाच्या शेवटी लॉर्ड ऑब्री एक वाक्य बोलले होते. ते... ते मला आठवत नाहीये.”

हे साफ खोटं होतं. ते वाक्य तिला लेकीच्या वाढदिवसाइतकं पाठ होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या अनिकालाही ते पाठ होतं. तिने तोंड उघडलं, पण अनीशने तिच्या हातावर हात ठेवला.

रुचा पायऱ्या उतरून बाबांसमोर आली. “बाबा, शेवटी ते काय म्हणाले होते?” तिने विचारलं, आणि माइक त्यांच्यापुढे धरला.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिला ते पुरतं ओळखत होते. मग त्यांनी घंटेच्या टेबलाकडे पाहिलं. घंटा तिथे नव्हती. आभाराला उठतानाच रुचाने ती अनिकाच्या स्वेटरमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकली होती.

“आभारांमध्ये व्याख्यात्याने बोलायचं नसतं,” ते हळूच म्हणाले. माइकमुळे ते सगळ्यांना ऐकू आलं.

“मी अडलेय, बाबा. तुम्ही नाही सांगितलंत तर आभार राहतील.”

ते उभे राहिले. गळ्याभोवतीचा मफलर त्यांनी सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग ते लोकांकडे वळले. जेवायला गेलेली माणसं खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, भिंतीलगत, टेबलांच्या पुढे जिथे जागा मिळेल तिथे उभी होती.

“माझे मार्गदर्शक मला विचारायचे, फलित काय?” बाबा म्हणाले. आवाज आता पार चिरकत होता, एकेक शब्द ते उचलून ठेवत होते. “मला तेव्हा सांगता आलं नाही. आजही सांगता येत नाही. पण तो बोलला, अन् कुणीतरी बसून ऐकलं. भाषण संपवताना ऑब्री त्या चार-सहा सभासदांकडे वळला.” मग त्यांनी हात जोडले आणि समोरच्या सगळ्यांना उद्देशून, सावकाश, ते वाक्य म्हटलं. “माझं बोलणं संपलं. जेवण सोडून आपण थांबलात. ते आता गार झालं असेल. आपले उपकार मी विसरणार नाही.”

टाळ्या फारशा वाजल्या नाहीत, कारण बहुतेकांच्या हातांत ताटं होती. पण एकाही ताटातली पुरी मोडलेली नव्हती.